मृतांचे येणे

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंधरा किलोमीटरांवर येलवाल लागते. मराठी वाचकाला हे नाव परिचित असलेच, तर ते विनोबांमुळे. सप्टेंबर १९५७ मध्ये याच गावी ग्रामदान परिषद भरली आणि परस्परांशी एरवी न पटणाऱ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी ग्रामदानाच्या विचाराला तेथे पाठिंबा दिला. जमिनीवरील मालकी माणसाने आपण होऊन सोडावी, असे सांगणारा तो विचार होता. भुताखेतांच्या कथांविषयीच्या विवेचनाचा आरंभ अशा गावापासून करणे वरकरणी विसंगत वाटेल. परंतु मराठी आणि कन्नड मुलखांतील पिशाचकथा मुळातून पाहू गेल्यास त्यांच्या तळाशी आढळतो तो मालकीचा आणि देण्याघेण्याचाच प्रश्न. जमीन, पाणी, नवरा, मूल, एखादा अपुरा राहिलेला संस्कार, यांपैकी कशावर तरी ज्याचा हक्क राहून गेला तो परत येतो. मराठीत ‘येणे’ या एकाच शब्दाने आगमनही सांगितले जाते आणि वसूल व्हावयाची रक्कमही. पिशाचकथेत हे दोन्ही अर्थ एकवटलेले असतात.

पावसाळी रात्र आणि अशा कथा यांचा संबंध जुळवून आणलेला नाही. शेतीची कामे उरकलेली, वाटा बंद झालेल्या, ओढे भरलेले, आणि घरातील सारी माणसे एका दिव्याभोवती बसलेली, ही कथनाला अनुकूल अशी परिस्थिती आहे. त्यातच चातुर्मास येतो, आणि श्रावणातील प्रत्येक वाराची व तिथीची कहाणी सांगण्याचा परिपाठ पडतो. या कहाण्यांना समीक्षेने फार तर बालबोध नीतिकथांचे स्थान दिले. दुर्गा भागवत आणि रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकपरंपरेतील सामग्रीचे मोल ओळखले हे खरे. पण भीतीची कथा म्हणून कहाणी वाचण्याचा प्रयत्न मराठीत जवळजवळ झालेला नाही. मराठी भीतिकथेचा उगम शोधताना समीक्षक वेताळपंचविशीच्या एकोणिसाव्या शतकातील भाषांतराकडे किंवा थेट इंग्रजी कथेकडे बोट दाखवितो, आणि आजीच्या मुखातील सर्वांत भयंकर कथा त्याच्या नजरेतून निसटते.

ही कथा म्हणजे शीतळासप्तमीची कहाणी होय. राजाने गाव वसविले, तळे बांधले. तळ्याला पाणी लागेना. जळदेवतांनी सांगितले की सुनेचा वडील मुलगा बळी द्यावा. पुष्कळांच्या जिवापुढे एका नातवाचा जीव तो काय, असा हिशेब राजा करतो. सून कबूल होणार नाही हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो तिला माहेरी धाडतो आणि मुलाला ठेवून घेतो. मुलाला न्हाऊ घालतात, जेवू घालतात, तळ्यात पलंग मांडून त्यावर निजवितात. तळे भरते. पुढे श्रावण शुद्ध सप्तमीला माहेरहून परतताना सून ते भरलेले तळे पाहते, आपला वसा आठवून पाण्यात उतरते, काकडीच्या पानावर दहीभाताचे वाण देते आणि आपल्या वंशातील कोणी पाण्यात बुडाले असेल तर ते परत मिळावे असे मागणे मागते. तोच पाण्याखालून कोणीतरी तिचा पाय ओढू लागते. ती पाहते तो तिचा मुलगा.

पाण्यात उभी असलेली स्त्री आणि तिचा पाय ओढणारा अदृश्य हात, या एका क्षणाची तुलना जगातील कोणत्याही नामांकित भीतिकथेशी करावी. कहाणी येथे थांबत नाही. तिला मूल कडेवर घेऊन घरी जायचे असते. परंतु क्षणभर, पाय ओढला गेल्यापासून खाली पाहीपर्यंत, कथेत जे उभे राहते ते निखळ भय आहे. आणि ते उभे राहते याचे कारण श्रोत्याला जे ठाऊक आहे ते त्या आईला ठाऊक नाही. तळे भरल्याचे तिला नवल वाटते आहे, आणि ते कशाने भरले हे ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

कन्नडमधील ‘केरेगे हार’ हे लोकगीत याच कथाबीजाचे सख्खे भावंड आहे. कल्लनकेरीचा मल्लनगौडा तळे खणतो, थेंबभर पाणी लागत नाही, बळी सांगितला जातो. तेथे मात्र नातवाचा नव्हे, धाकट्या सुनेचाच बळी ठरतो. भागीरथी माहेरी जाऊन निरोप घेऊन येते आणि तळ्याच्या पायऱ्यांवर एकेक पाऊल पडते तसे पाणी चढत जाते. लष्करात असलेला नवरा मादेवराया घोड्यावरून परततो, घडलेले जाणतो आणि त्याच तळ्यात उडी घेतो. कन्नड मुलखात तळ्याला ‘केरे’ म्हणतात, आणि जेथे शेती व वस्ती पिढ्यान्‌पिढ्या तळ्यांच्या भरवशावर जगली, त्या प्रदेशात हे गीत केवळ करुणरसाचे म्हणून ऐकले जाणे अशक्य होते. प्रत्येक भरलेल्या तळ्याविषयी ते एक शंका निर्माण करते.

दोन्ही रचनांतील फरक लक्षणीय आहे. कन्नड गीतात सून जाणून चालत जाते; तिच्या जाणण्यातच गीताचा पीळ आहे. मराठी कहाणीत सुनेला फसवून दूर ठेवले जाते. कन्नड गीत मृत्यूवर संपते, मराठी कहाणी परतीवर. कहाणीचा शेवट गोड असल्यामुळे ती सौम्य आहे असे मानण्याची चूक होऊ शकते. वास्तविक गोड शेवटामुळेच तिच्यातील गुन्हा झाकला जातो. मूल परत मिळाले, म्हणून राजाला कोणी जाब विचारीत नाही.

पाश्चात्त्य समीक्षेत त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९७० मध्ये अद्भुतकथेचे लक्षण सांगताना संभ्रमाला मध्यवर्ती स्थान दिले. घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याविषयी वाचक दोलायमान राहतो तोवरच तो प्रकार टिकतो, असे त्याचे प्रतिपादन. मराठीत या लक्षणाचा आधार अनेकदा घेतला जातो, परंतु लोककथेला ते लागू पडत नाही. शीतळासप्तमीच्या कहाणीत जळदेवता आहेत की नाहीत याविषयी कोणालाही, अगदी राजालाही, संभ्रम नाही. तेथील प्रश्न ‘हे खरे आहे काय’ असा नसून ‘हे कोणी द्यायचे’ असा आहे. भय उपजते ते देणे अटळ असल्याच्या जाणिवेतून.

भारतीय रसविचाराचीही येथे थोडी पंचाईत होते. अभिनवगुप्ताने भयानक रसाचे स्पष्टीकरण करताना शाकुंतलातील रथापुढे धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले. तेथे ‘मी भ्यालो’ असे वाटत नाही आणि ‘तो भ्याला’ असेही वाटत नाही. भय देशकालाच्या बंधनांतून सुटलेले असते. सभागृहातील प्रेक्षकापुरते हे निर्विवाद आहे. पण पावसाळी रात्री ओसरीवर मुंजाची गोष्ट ऐकलेल्या मुलाला थोड्या वेळाने परसात जावयाचे असते, आणि परसात पिंपळ असतो. त्याच्यापुरते साधारणीकरण पुरे होत नाही. भीतिकथेची सारी ताकद या अपुरेपणात आहे, आणि तिला दुय्यम ठरविणाऱ्या अभिजात दृष्टीची अडचणही तेथेच आहे.

मराठी मुलखातील पिशाचांची नामावळी ही एका अर्थाने समाजाची थकबाकीची वहीच आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी वारला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. सवाष्णपणी मेली आणि नवऱ्याच्या दुसऱ्या संसाराकडे डोळे लावून राहिली ती जखीण. वंशाचा दिवा न ठेवता किंवा धनावरील वासना न सोडता मेला तो समंध. पाण्याकाठी माणसाला ओढणारा गिऱ्हा, वाट चुकवून रात्रभर एकाच शेताभोवती फिरविणारा चकवा, गावच्या शिवेवर उभा असणारा देवचार. हडळीचे उलटे पाय सर्वांना आठवतात, पण तिचा मृत्यू कसा झाला हे फारसे कोणी विचारीत नाही. जात, वय, लिंग आणि अपुरा राहिलेला संस्कार यांवरून पिशाचाचे नाव ठरते. जिवंतपणीची उतरंड मेल्यावरही सुटत नाही. या व्यवस्थेत स्त्रियांची खाती सर्वांत अधिक आहेत, यात आश्चर्य नाही.

या सामग्रीच्या संकलनाची कथाही विलक्षण आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याने लोकसमजुतींविषयीच्या प्रश्नांची उत्तरे ठिकठिकाणच्या शाळामास्तरांकडून मिळवून टिपणे जमविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे आर. ई. एन्थोवेन याने त्या टिपणांच्या आधारे कोकणावरील खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. एका परक्या अधिकाऱ्याने विचारले म्हणून गावोगावच्या मास्तरांनी आपल्याच भुतांची नोंद करून दिली. ती उत्तरे वाचताना जाणवते की लिहिणारा शिकलेला आहे, त्याला थोडा संकोच वाटतो आहे, आणि तरीही तपशील तो अचूक देतो. मराठी भीतिकथेला पुढे जो निवेदक लाभला, शहाणा, किंचित अविश्वासी, परंतु सर्व काही ऐकून असलेला, त्याचा पूर्वज या मास्तरांत दिसतो.

येणे असलेल्याचे समाधान कसे करावयाचे, याची उत्तरेही लोकपरंपरेने दिली आहेत. पहिली बायको वारल्यावर जी घरात येई तिच्या गळ्यात सवतीचा टाक घातला जाई. सण आला की आधी टाकाचा मान. म्हणजे मृतेचे घरातील स्थान नव्या नवरीच्या गळ्यातच कायम ठेवले जाई. याचे राजघराण्यातील रूप म्हैसूरला सापडते. राजा वोडेयर याने १६१० मध्ये श्रीरंगपट्टण घेतले. विजयनगरच्या तेथील प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडील दागिने मागण्यासाठी माणसे धाडली गेली, तेव्हा तिने शाप उच्चारून कावेरीत उडी घेतली अशी आख्यायिका आहे. तलकाड वाळूखाली जावो आणि म्हैसूरच्या राजांना संतती न होवो, असा तो शाप. तलकाडची मंदिरे वाळूत बुडालेली आहेत, आणि वोडेयर घराण्यात दत्तकाचे प्रसंग वारंवार आले. दोन्ही गोष्टींना अन्य कारणे देता येतात. वाळूविषयी तर नदीचे वळण आणि वारा हे उत्तर पुरेसे आहे. साहित्यदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. जिच्यावर अन्याय झाला तिची मूर्ती करून त्याच राजघराण्याने ती पूजेत ठेवली. शेतकऱ्याच्या घरातील टाक आणि राजवाड्यातील मूर्ती ही एकाच देण्याची दोन रूपे आहेत.

कोकणात या देण्याला जवळजवळ घरगुती वळण लागलेले दिसते. वेंगुर्ल्याजवळील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करीत हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात. भुतांचा राजा येथे रात्रपाळीचा राखणदार झालेला आहे. आरवली हे जयवंत दळवी यांचे गाव, आणि भयाकडे कोपरखळी मारीत पाहण्याची त्यांची रीत या मातीशी विसंगत नाही. त्याच्या उलट टोकाला कर्नाटकातील १९९० च्या दशकातील ती अफवा ठेवता येईल: रात्री दारावर थाप मारणारी स्त्री येते, म्हणून लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. ती रोज वाचून परत जाते. वाण्याच्या दुकानातील ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीचे तर्कशास्त्र हेच. येथे देणे फेडले जात नाही, नाकारलेही जात नाही. ते केवळ पुढे ढकलले जाते. शहरी माणसाने भुताशी केलेला हा व्यवहार त्याच्या इतर व्यवहारांशी मिळताजुळता आहे.

आधुनिक मराठी भीतिकथेचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर करावयास हवे. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी या प्रकाराला हजारो वाचक मिळवून दिले, आणि वाचनालयांतील त्यांची जीर्ण झालेली पुस्तके हा त्याचा पुरावा होता. साधी, अलंकारविरहित भाषा आणि परिचित मध्यमवर्गीय घर ही त्यांची बलस्थाने. मात्र त्यांच्या कथेतील अनिष्ट शक्ती बहुधा बाहेरून येते, दुसऱ्या मितीतून, अनादी काळोखातून. ‘लुचाई’सारखी कादंबरी तर स्टीफन किंग यांच्या कादंबरीवर उभी आहे. अशा शक्तीचे कोणाकडे काही येणे नसते. ती केवळ भुकेलेली असते. मग तिच्याशी हिशेब करण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ‘समर्थ’ यांच्यासारखा सामर्थ्यवान पुरुष येऊन तिचे पारिपत्य करतो. वाचक निर्धास्त होऊन झोपी जातो. धारपांच्या कथेत भय पुष्कळ आहे, अपराध थोडा आहे.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या कथांना ‘गूढकथा’ म्हटले, आणि हा केवळ नावातील फरक नव्हे. ‘खेकडा’पासून पुढच्या त्यांच्या संग्रहांत भय माणसाच्या मनात, त्याच्या वासनेत आणि केलेल्या कृत्यात मूळ धरते. येणेकरी पुन्हा घरातला झाला, तो मतकरींच्या कथेत. त्यांच्यातील नाटककार कथेच्या अखेरच्या वाक्यावर पडदा पाडण्याच्या मोहात कधी कधी सापडतो. धक्का बसतो आणि त्याबरोबरच अस्वस्थता ओसरते. तरीही मुंबईच्या चाळीला आणि फ्लॅटला स्वतःचे भय आहे हे मराठी कथेला त्यांनी दाखवून दिले.

या दोघांहून निराळ्या वाटेने चिं. त्र्यं. खानोलकर आणि जी. ए. कुलकर्णी गेले, आणि त्यांना भीतिकथाकार म्हणण्यास मराठी समीक्षा आजही कचरते. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त वरदान आणि शाप वेगळे काढता येत नाहीत. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये त्यावर हिंदीत आणि तेलुगूत चित्रपट केला. त्यात गूढ पुरुषाकडून नायकाला गर्भ नाहीसा करणारी मुळी मिळते, आणि आपल्याला सत्य कळले आहे या त्याच्या खात्रीची किंमत एक निरपराध स्त्री मोजते. देणे एकाचे आणि वसुली दुसऱ्याकडून, हा शीतळासप्तमीच्या राजाचाच हिशेब.

धारवाडला आयुष्याचा मोठा काळ काढलेल्या जी. एं.च्या ‘स्वामी’ या कथेत तर भूतच नाही. परक्या गावी अडकलेल्या प्रवाशाला मठात आश्रय मिळतो, आदर मिळतो, आणि पाहतापाहता तो त्या मठाचा स्वामी म्हणून जमिनीखालील खोलीत कायमचा बंदिस्त होतो. त्याला कोणी छळीत नाही. उलट सारे त्याची सेवा करतात. त्या काळोखातून उजेडाकडे वाढत जाणारा वेल हीच त्याची सुटका. मठाला स्वामी हवा, गावाला मठ हवा, म्हणून एक माणूस आत असला पाहिजे. न्हाऊ घालून, जेवू घालून पलंगावर निजविलेला मुलगा आणि हा स्वामी यांच्यात अंतर किती? मराठीतील सर्वांत भयंकर आधुनिक कथा लिहिताना जी. एं.नी लोककथेचा बळी उचलला आणि तिचे वरदान गाळून टाकले.

भीतिकथेवर घेतला जाणारा गंभीर आक्षेप वाङ्मयीन नाही, सामाजिक आहे, आणि तो टाळता येत नाही. सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांचा छळ झाला, हत्या झाल्या. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणारे नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला. कर्नाटकाने २०१७ मध्ये तसा कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावातच ‘नरबळी’ हा शब्द आहे. अशा भूमीत पिशाचकथेचा आस्वाद निरागसपणे घेता येईल काय? या प्रश्नाला ‘ती केवळ करमणूक आहे’ हे उत्तर अपुरे आहे आणि थोडे अप्रामाणिकही. सर्व पिशाचकथा एका मापाने मोजणे मात्र तितकेच चुकीचे. एखादी कथा हडळीला झाडाला खिळे ठोकून बांधते आणि मांत्रिकाचा जयजयकार करते. दुसरी ती हडळ कशी झाली हे सांगते. पहिली कथा डाकीण ठरविणाऱ्यांच्या हाती काठी देते. दुसरी त्यांच्याकडेच थकबाकी मागते. श्रद्धा-अश्रद्धेचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच बाजूला राहतो. निर्णायक ठरते ते कथा कोणाच्या बाजूने सांगितली जाते हे.

अलीकडच्या हिंदी चित्रपटांना कोकणाच्या पावसाचा आणि मराठी भुतांचा शोध लागला आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) धारपांच्या कथेचे बीज घेतले, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीकडून उसने घेतले आणि हस्तर नावाचा नवाच देव घडविला. त्याला लोकपरंपरेत आधार नाही. तरीही चित्रपट अस्सल वाटतो, कारण त्याचा पाऊस खरा आहे आणि लोभ हा समंधाच्या जातीचा आहे. ‘मुंज्या’ने (२०२४) मुंजाच्या मृत्यूचे कारण परंपरेतून घेतले, पण त्याच्या अपुऱ्या संस्काराऐवजी अपुऱ्या लग्नाला महत्त्व दिले. करमणूक साधली, मात्र पिंपळावर बसून दगड मारणाऱ्या त्या पोरक्या बटूचे, ज्याला ना बालपण पुरे मिळाले ना गृहस्थाश्रम, एकटेपण हरवले.

श्रावणात शीतळासप्तमीची कहाणी काही घरांतून आजही वाचली जाते. छापील पुस्तिका समोर असते आणि हुंकार देणारे कोणी असतेच असे नाही. कहाणीत सून मूल घेऊन घरी येते, राजा नवल करतो, तिच्या व्रताची थोरवी मान्य करतो. आपला मुलगा तळ्यात कसा गेला, हे ती विचारीत नाही. तो मुलगाही, पाण्याखाली इतके दिवस काय पाहिले, हे कोणाला सांगत नाही.